शेवटचा शत्रू रचताना

मराठीच्या प्राध्यापकांनी रविवारची दुपार राक्षस रचण्यात घालवावी, हे आमच्या काही सहकाऱ्यांना विपरीत वाटते. आम्ही दोघेही मराठी घेऊन एम. ए. झालो, दोघेही महाविद्यालयात शिकवतो आणि दोघांनीही चाळिशी ओलांडून काही वर्षे झाली. घरात पुस्तकांची तीन कपाटे आहेत. चौथ्या कपाटात एके काळी पाहुण्यांसाठीच्या चादरी असत. आता तेथे वीस बाजूंचे फासे, चौकोन आखलेले कागद आणि मेलेल्या ड्रॅगनांचे हिशेब असतात.

२०२१ च्या दिवाळीनंतर, मुलगा नववीत असताना, तो आणि त्याचे तीन मित्रमैत्रिणी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळू लागले. त्यांना सूत्रधार हवा होता आणि आपापसांत कोणीच ते काम घेईना, कारण प्रत्येकाला वीर व्हायचे होते. तेव्हा ते आम्ही पत्करले. एकाने गोष्ट सांगायची, दुसऱ्याने पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासे टाकून आकडे सांभाळायचे, अशी वाटणी झाली. हा क्रम २०२५ च्या मेपर्यंत चालला. त्या साडेतीन वर्षांत आम्हांला सर्वांत छळले ते एकाच प्रश्नाने : शेवटचा शत्रू कसा रचावा? मुलांच्या भाषेत, ‘बॉस फाइट’.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. मूळ सैन्यांच्या लुटुपुटीच्या लढायांचे. पण येथे प्रत्येक खेळाडूने सैन्य न चालवता एकच पात्र चालवायचे, त्याच्या वतीने बोलायचे, निर्णय घ्यायचे. सूत्रधार जग उभे करतो आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित आहे तेथे फासा टाकला जातो. पात्राच्या अंगी किती मार सोसण्याची ताकद आहे ते ‘हिट पॉइंट्स’ या आकड्याने मोजतात. ही कल्पना आपण अमेरिकन यादवी युद्धातील नौकांच्या खेळाच्या नियमांवरून घेतली, असे अर्नेसनने सांगितले आहे. आपले पात्र एका घावात मरावे हे त्याच्या खेळाडूंना सोसवेना. जहाज जसे हळूहळू बुडते तसा वीर हळूहळू मरू लागला, आणि त्या हळूहळूमध्ये विचार करायला वेळ मिळाला. या खेळातील सगळे नाट्य त्या उसन्या वेळात घडते.

आमचा पहिला ‘बॉस’ आजही आठवला की आम्ही एकमेकांकडे पाहत नाही. तो एका डोंगरी किल्ल्याचा मांत्रिक किल्लेदार होता. सहा महिने आम्ही त्याची दहशत वाढवली होती. त्याची पत्रे वाचून दाखवली, त्याने जाळलेली गावे दाखवली. त्याचे स्वगत लिहायला दोन रात्री लागल्या. हिट पॉइंट्स दिले १२०. मुले दरबारात शिरली आणि आम्ही स्वगताचे दुसरे वाक्य म्हणत असतानाच त्यांच्यातील धर्मगुरूने ‘होल्ड पर्सन’ हा मंत्र टाकला. माणसाला जागीच जखडून टाकणारा हा मंत्र तसा प्राथमिकच. त्यातून सुटण्यासाठी आम्ही फासा टाकला, पडले चार. जखडलेल्या शत्रूवर जवळून बसलेला प्रत्येक घाव नियमानुसार दुप्पट फाशांचा असतो. दुसऱ्या फेरीअखेर किल्लेदार संपला. खेळातील एक फेरी म्हणजे कथेतील सहा सेकंद. सहा महिन्यांचा खलनायक बारा सेकंदांत गेला. मुले नाचली, पण पाच मिनिटांनी आमचा मुलगा म्हणाला, “एवढंच होतं?”

आम्ही मास्तरी उपाय केला. पेपर सोपा गेला म्हणून पुढचा लांब काढला. दुसऱ्या शत्रूला तिप्पट हिट पॉइंट्स दिले. ती लढाई अडीच तास चालली आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर टेबलावर एकच वाक्य फिरत राहिले : “मी पुन्हा तलवारीने मारतो.” एक मुलगा भिंतीला टेकून पेंगत होता. लांब प्रश्नपत्रिका अवघड असतेच असे नाही, हे वीस वर्षे पेपर काढून आम्हांला कळायला हवे होते.

तेव्हा मग आम्ही अभ्यासाला लागलो, आणि या खेळालाही काठिण्याचा एक इतिहास आहे असे दिसून आले. गायगॅक्सने १९७५ मध्ये एका मेळाव्यासाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस रचले. ते १९७८ मध्ये छापून आले. आपल्याला कोणी हरवू शकत नाही असे मानणाऱ्या कसलेल्या खेळाडूंची ती परीक्षा होती. त्यात भिंतीवर एक हिरवा राक्षसी चेहरा आहे. त्याच्या उघड्या तोंडात जो शिरतो तो नष्ट होतो. सुटकेसाठी फासादेखील टाकायला मिळत नाही. अखेरीस भेटणारा अ‍ॅसेरेरॅक ही जवळजवळ केवळ एक कवटी आहे, आणि तिच्यावर नेहमीची बहुतेक शस्त्रे चालत नाहीत. असे परीक्षक आम्ही पाहिले आहेत. विद्यार्थ्याला काय येते यापेक्षा काय येत नाही हे शोधण्यात त्यांना अधिक रस असतो.

दुसरे टोक १९८३ चे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याच्या ‘रेव्हनलॉफ्ट’मधील स्ट्राड हा रक्तपिपासू सरदार खोलीचे दार उघडेपर्यंत वाट पाहत बसत नाही. त्याला काहीतरी हवे आहे. त्याचा हेतू काय, तो वाड्यात कोठे भेटेल, त्याच्याविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या वस्तू कोठे असतील, हे खेळाच्या आरंभी पत्ते काढून ठरते. एका साहसात आडवाटेच्या खोलीत उगाच उभा असलेला रक्तपिपासू भेटला आणि ‘हा येथे काय करतो आहे?’ असा प्रश्न ट्रेसी हिकमनला पडला, त्यातून हे सारे निघाले. कथात्म साहित्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पडावा असाच तो प्रश्न आहे. खलनायकाला हेतू असला की लढाईत जिंकण्याहरण्यापलीकडचे काही पणाला लागते. तो मेला, पण त्याला हवे ते घडून गेले, असेही होऊ शकते.

तिसरी गोष्ट निव्वळ अंकगणिताची होती. आमचा किल्लेदार दुबळा नव्हता, एकटा होता. चार वीर प्रत्येक फेरीत चार कृती करतात, एकटा शत्रू एक. त्याची शक्ती वाढवून हे असंतुलन जात नाही. कारण शक्ती इतकी वाढवावी लागते की त्याच्या एका घावात एखादा खेळाडू गारद होतो, आणि मग त्या खेळाडूने उरलेली दुपार चिवडा खात बसायचे. खेळ रचणाऱ्यांनी यावर निरनिराळे तोडगे काढले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ‘मिनियन’ आले : एकच हिट पॉइंट असलेले, एका घावात पडणारे, पण जिवंत असेपर्यंत लक्ष वेधून घेणारे सैनिक. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मोठ्या शत्रूंना ‘लेजंडरी अ‍ॅक्शन’ मिळाल्या. इतरांची खेळी संपली की तो मध्येच काहीतरी करू शकतो, त्यामुळे आपली खेळी झाली म्हणून कोणी निवांत बसत नाही. जखडणाऱ्या मंत्रातून दिवसातून तीनदा हुकमी सुटण्याची सोयही त्याला मिळाली. आमच्या किल्लेदाराला तेवढी जरी दिली असती तरी त्याचे स्वगत पुरे झाले असते.

हे सगळे शिकत आम्ही बरे सूत्रधार झालो. शत्रूची जागा त्याच्या स्वभावानुसार आखू लागलो. लढाई मध्यावर आली की परिस्थिती पालटेल असे पाहू लागलो. आवश्यक ती खूण एकदा सांगून भागत नाही, तीन वेगवेगळ्या तोंडून यावी लागते, हेही उमगले. वर्गात आम्ही हेच करतो. आपल्याला आता जमले, असे आम्हांला वाटू लागले. याच काळात आम्ही ती गोष्ट केली.

२०२४ च्या पावसाळ्यात मुलांची पात्रे आठव्या पातळीवर होती आणि त्यांच्यासमोर तांबडा तरुण ड्रॅगन होता. पुस्तकाप्रमाणे त्याचे हिट पॉइंट्स १७८, आणि त्याच्या आगीच्या फुत्काराचे मोजमाप सहा बाजूंच्या सोळा फाशांनी करायचे. इतके फासे आमच्याकडे नव्हते. लुडोच्या आणि सापशिडीच्या डब्यांतून ते जमवले आणि घरंगळू नयेत म्हणून स्टीलच्या ताटात टाकायचे ठरले. ताटात फासे पडल्याचा तो खणखणाट मुलांना फार आवडे.

मुलाच्या एका मैत्रिणीचे पात्र जादूगार होते. तिची पूर्ण ताकद ४२, त्या घटकेला उरलेली ९. ड्रॅगनने फुत्कार सोडला. ती चुकवू शकली नाही. ताट खणखणले आणि आम्ही पडद्याआड बेरीज केली : ६१. नऊ वजा जाता ५२ उरतात. उरलेला आघात पात्राच्या पूर्ण ताकदीइतका किंवा जास्त असेल तर ते पात्र तत्क्षणी मरते, असा नियम आहे. समोर ती मुलगी दोन्ही हात टेबलाखाली घेऊन बसली होती. तीन वर्षे तिने त्या जादूगाराची रोजनिशी लिहिली होती, चक्क वहीत. आम्ही म्हणालो, “अडतीस.” अडतीस म्हणजे बेशुद्धी, मरण नव्हे. आमच्यापैकी फासे कोणी टाकले आणि आकडा कोणी उच्चारला हे सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्यालाही तो ऐकताक्षणी कळला होता आणि दुसरा गप्प राहिला होता.

धर्मगुरूने तिला शुद्धीवर आणले आणि तिच्याच मंत्राने ड्रॅगन पडला. केवढा जल्लोष झाला! खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या. ड्रॅगनला दुसऱ्यांदा फुत्कार सोडायला मिळालेच नव्हते, त्यामुळे ताटातले फासे पडले तसेच राहिले होते. सगळे आवरताना ते ताट उचलून स्वयंपाकघरात नेण्याचे काम, नेमके, तिनेच अंगावर घेतले.

ती त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या रविवारी इतरांच्या आधी आली, चप्पल काढून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “काका, काकू, ते एकसष्ट होते ना?” आम्ही हो म्हणालो. मग तिने विचारले, “म्हणजे याआधी आम्ही जिंकलो, तेही असंच का?”

सूत्रधारांसाठीच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकात या प्रकाराला मुभा आहे. पडद्याआड फासे टाकले तर निकाल बदलता येतो. तसे वारंवार करू नये, आणि खेळाडूंना कळू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्या पुस्तकाच्या आधाराने काहीतरी उत्तर देता आले असते. पण तिने रागाने विचारले नव्हते. तीन वर्षांतले काय खरे होते, एवढेच तिला हवे होते. आम्ही आठवून सांगितले : याआधी दोनदा. कोणत्या लढाया तेही सांगितले. ते ऐकताना तिचा चेहरा कसा होत गेला हे आम्ही विसरणार नाही. त्या दोन लढायांतील एक तिला सर्वांत प्रिय होती.

शिक्षकाच्या हातून अशी दया अनेकदा घडते. दोन गुण कमी पडत असतात, मुलगा कष्टाळू असतो, लेखणी आपोआप वळते. त्याचे भले झाले असे आपण मानतो. पण त्या दोन गुणांबरोबर त्याच्या उरलेल्या अडतीस गुणांचीही किंमत आपण काढून घेतो, हे त्याला कळण्याची वेळ सहसा येत नाही. येथे ती आली होती. ड्रॅगनशी झालेली झुंज अवघड वाटली होती, पण तिच्यात हरण्याची शक्यताच आम्ही ठेवली नव्हती. हरता येत नसेल तेथे जिंकताही येत नाही. आणि दया करायचीच होती तर ती करण्याची जागा वेगळी होती. गुहा आखतानाच एखादा आडोसा ठेवता आला असता. फुत्काराआधी ड्रॅगनचा गळा लाल होतो असे सांगता आले असते, म्हणजे ९ ताकद उरलेल्या जादूगाराने पुढे उभे राहावे की नाही, हे तिचे तिने ठरवले असते. काठिण्य असो की करुणा, दोन्ही फासा हातातून सुटण्यापूर्वी मांडून ठेवायला हवीत. तो सुटल्यावर सूत्रधाराने काय पडले ते वाचायचे असते.

आम्ही चौघांनाही सारे सांगितले. दोन रविवार खेळ झाला नाही. तिसऱ्या रविवारी मैत्रीण नवे पात्र लिहून घेऊन आली. जादूगाराचे काय, असे कोणी विचारले तेव्हा म्हणाली, “ती त्या गुहेतच राहिली.” पुठ्ठ्याचा पडदा त्या दिवशी रद्दीत गेला.

शेवटच्या लढाईची तयारी आम्ही चार महिने केली. मुले बारावीत होती. परीक्षेनंतर सगळे पांगणार, तेव्हा ही खरोखरीच शेवटची. शत्रू सुचला तो देवीमाहात्म्यातील रक्तबीजावरून : ज्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून त्याच्यासारखाच दुसरा उठतो. रचनेच्या दृष्टीने हा असुर विलक्षण आहे. जितके जोरात माराल तितके संकट वाढते, म्हणजे आजवर ज्या गोष्टीने जिंकलो तीच येथे हरवते. टोलकीनने १९३६ च्या ‘बेवुल्फ’वरील व्याख्यानात ठासून मांडले होते की त्या काव्यातील राक्षस हे आडवळण नसून काव्याचे केंद्र आहेत. आम्ही ते वर्गात सांगत आलो. पण राक्षस केंद्रस्थानी असणे म्हणजे काय, हे स्वतः एक रचायला घेतल्यावर कळले. वीराला आजवर न पडलेला प्रश्न जो विचारतो, तो त्याचा राक्षस.

आमचा अधिपती एका नदीवर बांध घालून बसला होता आणि त्याची दारे कायमची चिणून टाकणार होता. त्याच्या प्रत्येक जखमेतून एक हिट पॉइंटचा सैनिक उठे. या गुणाची खूण आम्ही तीनदा पेरली : एका म्हाताऱ्या शिपायाच्या कापडात गुंडाळलेल्या तलवारीतून, एका ओसाड रणभूमीच्या वर्णनातून आणि खुद्द शत्रूच्या एका बढाईतून. पळून जाण्याची वाट ठेवली. हरले तर मरतीलच असे नव्हते. गावे उठतील आणि कथा दुसरीकडे वळेल, असा तो शेवटही लिहून ठेवला. सुटकेचे तीन मार्ग आम्हांला दिसत होते : जखमा डागणे, रक्त न काढता बांधणे, किंवा बांधावरून ढकलणे.

मे महिन्यातल्या त्या दुपारी मुले खुणा विसरून तुटून पडली. तिसऱ्या फेरीला टेबलावर अकरा सैनिक होते. आम्ही त्यांच्या जागी शेंगदाणे मांडले होते. मग मैत्रीण अचानक थांबली. “थेंब जमिनीवर पडला तरच ना?” तिने विचारले. आम्ही हो म्हणालो. “आणि पाण्यात पडला तर?”

हे उत्तर आमच्या यादीत नव्हते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, “पाणी म्हणजे जमीन नव्हे.” त्यांनी बांधाची दारे उघडली. कोरड्या पात्रात नदी आली. आता कोणीतरी अधिपतीला त्या प्रवाहात धरून ठेवणे भाग होते, आणि ते आमच्या मुलाच्या योद्ध्याने केले. इतरांनी घाव घातले. शेवटच्या घावाआधी योद्धा पडला.

पडलेले पात्र आपल्या प्रत्येक खेळीला वीस बाजूंचा फासा टाकते. दहा किंवा अधिक पडले तर यश; तीन अपयशे झाली की मृत्यू. धर्मगुरू दूर होता. मुलाने सर्वांसमोर, त्या ताटात, फासा टाकला : सात. पुढच्या फेरीला चार. त्याच फेरीत अधिपती संपला, नदी मोकळी झाली, पण धर्मगुरू अजून काठापर्यंत पोचला नव्हता. तिसरा फासा ताटात बराच वेळ फिरत राहिला. पडले नऊ.

कोणी बोलले नाही. मैत्रिणीने फाशाकडे पाहिले नाही, आमच्याकडे पाहिले. एकाच गुणाचा प्रश्न होता, आणि पुढल्या महिन्यात घर सोडून जाणाऱ्या आमच्याच मुलाचा. आम्ही मोठ्याने वाचले, “नऊ.”

मुलगा थोडा वेळ ताटाकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या पात्राचा कागद उलटा करून ठेवला, शेजारच्या मित्राच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “आई, बाबा, थांबू नका. नदी गावापर्यंत पोचली का, ते सांगा.”

आम्ही सांगू लागलो.